चोविसावी पट्टी

३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होतो. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून लिहितोय. एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्रखोलीबाहेर बसलो आहे. किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस जेवायला गेला आहे, आणि त्याचं जेवण मोठं असतं असं पहारेकऱ्याने सांगितलं. म्हणजे पत्रही मोठं होणार.

काम असं आहे. मी शाळेत असताना बाबांनी आणि मी रंगवलेले शिशाचे शिपाई तुला आठवत असतील, बोटाच्या दोन पेरांएवढे. सहा-सहा शिपाई एका लाकडी चौकोनावर चिकटवलेले आहेत. त्या चौकोनाला आम्ही बैठक म्हणतो. अशा चोवीस बैठका आता माझ्याकडे आहेत. इथल्या मंडळात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोठ्या टेबलावर लढाई मांडतात. फासे टाकायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचं आणि भांडायचं. कुठली तुकडी कोणती हे सगळ्यांना कळायला बैठकीच्या मागच्या कडेवर नाव लागतं. पण दर महिन्याला खेळ बदलतो. आज जे पायदळ आहे ते पुढच्या महिन्यात पहारेकरी होतं. म्हणून नावं काढता-घालता येतील अशी हवीत.

मी प्रत्येक बैठकीच्या मागच्या कडेत दोन बारीक चुंबकं बसवली आहेत. तू दारावरच्या पाट्या ज्या दोन थरांच्या प्लास्टिकवर कोरतेस त्याच्याच चार सेंटीमीटर लांब, आठ मिलिमीटर उंच अशा चोवीस पट्ट्या कोर आणि प्रत्येकीच्या पाठीला तशीच दोन चुंबकं चिकटव. झालं. नावांची यादी, नमुन्याची एक बैठक आणि चुंबकांची पुडी वेगळ्या खोक्यातून पाठवतो.

वीस डिसेंबरला मंडळाची वर्षाची मोठी लढाई आहे. ती जोडीने खेळायची असते. जोडीदाराचं नाव तीस नोव्हेंबरपर्यंत द्यायचं, नाहीतर मंडळ कुणालाही गळ्यात बांधतं. दर वर्षी माझे जोडीदार बाबाच. पण जानेवारीनंतर ते इकडे आलेलेच नाहीत. पाठ दुखते, गाडीत तीन तास बसवत नाही म्हणतात. आईला विचारलं की पाठ बरी आहे म्हणते आणि विषय बदलते. तू जरा बघून कळवशील का?

किल्लीवाला आला. तुझ्या यंत्राला आणि तुला माझा नमस्कार.

तुझा,
खिळ्या


९ सप्टेंबर

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मला वयामुळे कळत नाही, दुसऱ्यांदा वाटलं तुला लिहिता येत नाही, आणि तिसऱ्यांदा चहा करून प्यायले. अजूनही सगळं डोक्यावरूनच जातंय.

अरे, अडतीस वर्षं मी नावं कोरते. डॉक्टर, वकील, दोन मुख्याध्यापक, एक दंतवैद्य ज्याला आपलं आडनाव पदवीपेक्षा लहान हवं होतं. सगळ्यांची एकच मागणी, की पाटी निघता कामा नये. चार स्क्रू मारले तरी विचारतात, पाचवा मारता का म्हणून. आणि तू माझ्या भावाचा मुलगा, तुला निघणारी नावं हवीत. बरं, महिन्या-महिन्याला नाव बदललं तर त्या शिपायांना स्वतःला तरी कळतं का आपण कोण ते? तुझ्या यादीत ‘पहिलं जड पायदळ’ आहे. नमुन्याची बैठक तळहातावर ठेवून पाहिली. सहाही जण माझ्या अंगठ्याएवढे, एकाला नाक नाही. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, असं मनात आलं. पण गिऱ्हाईकाला बोलू नये, म्हणून तुला पत्रात लिहिते.

चुंबकांची पुडी उघडली तर शंभरच्या शंभर एकमेकांना चिकटून सुरवंट झालेला. सोडवताना दोन उडून यंत्राला जाऊन बसली, ती अजून तिथेच आहेत.

दादाची पाठ. आता हे मला काही समजलं नाही. परवा मी गेले तेव्हा तो आणि शेजारचा मिळून लोखंडी कपाट जिन्यावरून वरच्या खोलीत नेत होते, आणि शेजारीच मध्ये बसून धापा टाकत होता. मी पाठीचं विचारलं तर दादाने माझ्याकडे असं बघितलं जणू मी दुसऱ्या कुणाच्या पाठीबद्दल विचारतेय. वहिनी चहा गाळायला आत गेली, आणि एवढा वेळ कुणी चहा गाळत नाही. तुमच्या घरात काय चाललंय? मला कुणी काही सांगत नाही आणि मग म्हणता आत्या मनाने भरते.

पट्ट्या महिनाअखेरीस होतील. जेवत जा. माझी माया काही तुझ्या पट्टीसारखी नाही, ती स्क्रूने बसवलेली आहे.

तुझी,
आत्या


१६ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कपाटाचं वाचलं आणि त्या दिवशी दोन लिफ्ट तपासायच्या राहिल्या. पाठ दुखत नाही तर मग काय, याचा विचार करत एका जिन्यात बसून होतो. विचार करायची गरज नव्हती. मला माहीत होतं, फक्त मी ते पाठीखाली सारून ठेवलं होतं.

आत्या, त्या बैठकांवर आधी नावं होती. मी सात-आठ वर्षांचा असताना एकेक बैठक तयार झाली की बाबा मला विचारायचे, हिचं नाव काय. मी जे तोंडाला येईल ते सांगायचो. ते हसायचे नाहीत. विजेच्या मीटर दुरुस्तीच्या खात्यात मीटरवर नंबर घालत तसं गंभीरपणे, एका केसाच्या कुंचल्याने मागच्या कडेवर ते नाव लिहायचे. उशिरा येणारे. बूट हरवलेले. आईला सांगणारे. मी नाही केलं. हळू चालणारे पण पोचणारे. अशी चोवीस. आम्ही दोघं वर्षानुवर्षं त्याच नावांनी लढलो. बाबा अगदी सरळ चेहऱ्याने विचारायचे की डाव्या बाजूला बूट हरवलेले पाठवू की आईला सांगणारे.

मागच्या डिसेंबरात मोठ्या लढाईनंतरच्या रविवारी, बाबा नव्हते तेव्हा, मंडळात नवा सभासद आला, मोठा जाणकार. त्याने एक बैठक उचलून नाव मोठ्याने वाचलं, मग दुसरी, मग तिसरी. सगळं टेबल हसलं. दिवसभर जो तो मला, आईला सांगशील काय, असं विचारत होता. मी बत्तीस वर्षांचा आहे, आत्या. घरी आलो आणि थिनरमध्ये कापूस बुडवून चोवीसच्या चोवीस नावं पुसली. वर काळा रंग दिला. अर्ध्या तासाचं काम.

जानेवारीत बाबा आले. त्यांनी एक बैठक उचलली, मागे वळवून पाहिली, परत ठेवली. नेहमीसारखं खेळले, मला उजवीकडून सांभाळलं, आणि संध्याकाळची गाडी सोडून दुपारच्या गाडीने गेले. मग पाठ सुरू झाली.

म्हणून आता दुसरी यादी पाठवतो. याही पट्ट्या कोर. सरळ नावं मंडळासाठी, ही आमच्यासाठी. सगळ्या झाल्या की घेऊन त्यांच्यापुढे जाईन. तोवर त्यांना काही सांगू नकोस.

फक्त एक अडचण आहे. यादीत तेवीसच नावं आहेत. चोविसावं आठवत नाही. त्या बैठकीतला पुढचा शिपाई डावखुरा आहे, हे आठवतं. कडेवर काहीतरी लांबलचक होतं, पण ते नाव नव्हतं असं वाटतं. नाव नव्हतं तर काय होतं? रोज सकाळी दाढी करताना आठवून पाहतो. त्या एका पट्टीची जागा कोरी ठेव.

मी वाईट मुलगा नाही, असं तुला वाटत असेल तर तेवढं लिही.

तुझा,
खिळ्या


४ ऑक्टोबर

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

वाईट नाहीस, मठ्ठ आहेस. ते आपल्या घराण्यात पुरुषांना वारशाने येतं, तुझा त्यात दोष नाही.

दोन्ही याद्या कोरून झाल्या. दुसरी यादी माझ्या दुकानात दोन दिवस यंत्रावर चिकटवलेली होती, त्यामुळे गिऱ्हाइकांचा भलताच घोळ झाला. एका कचेरीचे साहेब आले होते. त्यांनी ‘उशिरा येणारे’ आणि ‘मी नाही केलं’ वाचून विचारलं, की या पाट्या टेबलावर ठेवायला मिळतात का, त्यांना अकरा लागतील.

आता खरी गंमत. कोरलं ते उत्तम झालं, पण तुझी चुंबकं मला वेडी करून सोडणार. मी प्रत्येक पट्टीला दोन-दोन चिकटवली, नीट वाळू दिली, आणि मग एकेक पट्टी नमुन्याच्या बैठकीला लावून पाहिली. काही खटकन बसल्या. काही एका टोकाने बसल्या आणि दुसऱ्या टोकाने शेपटी वर करून राहिल्या. आणि काही तर जवळ नेल्या की सरळ पळाल्या, हातातून सुटून टेबलाखाली. एकच दुकान, एकच पुडी, एकच गोंद आणि एकच आत्या. मग हे असं का? पळालेल्या पट्ट्या उलट्या धरून पाहिल्या, तर नावंच डोक्यावर उभी राहिली. वाटलं की चुंबकं बिघडली. मग वाटलं की मी बिघडले.

चुंबकाचं जाणणारं आपल्याकडे एकच माणूस. चाळीस वर्षं मीटर उघडण्यात गेली त्याची. पण तुला वचन दिलेलं. म्हणून मी शहाणपणा केला. दुसऱ्या यादीला हात लावला नाही. पहिल्या यादीतल्या, सरळ नावाच्या सहा पट्ट्या आणि बैठक घेऊन गेले. म्हटलं यातून त्याला काय कळणार.

तर बैठक त्याने लगेच ओळखली, नकटा शिपाई त्यानेच पाडला होता म्हणे. मग पट्ट्या एकेक करून वाचल्या. पहिलं जड पायदळ. डावा पहारा. वाचता वाचता चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी मोठ्याने विचारलं की काय बिघडलंय. तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा बोलला तेही आलं नाही. मग म्हणाला असावा की लिहून देतो, कारण त्याने हवेत लिहिल्यासारखं केलं. त्याचा चेहरा असा का पडला ते मला कळलं नाही. छान कोरल्या होत्या रे.

तुझी गोंधळलेली,
आत्या


८ ऑक्टोबर

चि. छोटीस,
आशीर्वाद.

तुला ऐकू येत नाही म्हणून लिहून देतो. हे पत्र लागलं तर त्यालाही पाठव.

चुंबकं बिघडलेली नाहीत. प्रत्येक चकतीला दोन तोंडं असतात. विरुद्ध तोंडं समोर आली तर ओढतात, सारखी आली तर ढकलतात. तू चिकटवताना कोणतं तोंड वर आहे ते पाहिलं नाहीस, त्यामुळे काही पट्ट्या बसतात आणि काही पळतात. तू आता बघून चिकटवलंस तरी उपयोग नाही. ज्याने बैठकीत चुंबकं बसवली त्यानेही तोंड पाहिलेलं नसणार. तो आधी चिकटवतो आणि मग विचार करतो. म्हणजे प्रत्येक बैठक निराळी निघेल, आणि एकीची पट्टी दुसरीला चालणार नाही. मग अदलाबदल कशी व्हायची?

उपाय सोपा आहे. पट्ट्यांची चुंबकं काढून टाक. त्या जागी साध्या लोखंडी पत्र्याचा तुकडा लाव. पत्र्याला तोंड नसतं. समोर कसलंही चुंबक असो, तो चिकटतो. दोन्हीकडे चुंबक असलं की असंच होणार. एका बाजूने पत्रा असावा.

तुझ्या बोटांनी एवढे लहान तुकडे कापले जायचे नाहीत. सगळ्या पट्ट्या पाठवून दे, मी कापून लावतो. वेळ आहे मला.

नावं सुबक कोरली आहेस. त्याला हवी तशीच असतील. मंडळात शोभतील.

तुझा,
दादा


१७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं बाबांचं पत्र खिशात घेऊन फिरतोय. ‘त्याला हवी तशीच असतील’ या वाक्याशी दर वेळी अडतो. त्यांना वाटलं असणार की डिसेंबरात पुसलेलं मी आता तुझ्याकडून पक्कं करून घेतोय, आणि तेही त्यांच्याच बहिणीच्या हातून. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

तुझी यात चूक नाही. तू माझं ऐकलंस, हीच काय ती चूक.

त्यांना तीनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. काय लिहू? पुसली, चुकलं, तेवीस आठवतात? तेवीस घेऊन गेलो तर त्यांना तेवीस दिसणार नाहीत, आत्या. विसरलेलं एक दिसेल. त्यांना सगळी पाठ आहेत. त्यांना मीटरचे नंबर अजून पाठ आहेत. चोविसावं आठवल्याशिवाय मला तोंड दाखवायचं नाही, आणि जसजसं आठवायला जातो तसतशी आहेत ती तेवीसही डळमळायला लागली आहेत. काल एका लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावर वाटलं की आठवलं. पाचव्यावर गेलं.

मंडळाच्या चिटणिसाने जोडीदाराचं विचारलं. त्याच नव्या जाणकाराला जोडीदार मिळालेला नाही, तेव्हा मी नाव दिलं नाही तर तोच माझ्या वाट्याला येणार. मी अजून काही दिवस मागून घेतले.

तू एवढंच कर. सरळ नावांच्या पट्ट्या बाबांकडे पत्रा लावायला पाठव, त्यांनी आपणहून म्हटलंय तर नाही म्हणू नकोस. दुसऱ्या यादीतल्या तुझ्या दुकानातच ठेव. नाव आठवलं की मी स्वतः येईन.

लोभ आहे हे माहीत आहे, शहाणपणाही थोडा पाठव.

तुझा,
खिळ्या


१२ नोव्हेंबर

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचण्याआधी बस. लिफ्टमध्ये असशील तर बाहेर ये.

अडतीस वर्षांत मी निघणारं नाव कुठे लावलं नव्हतं. पण तुझ्या कामानंतर मलाही हौस आली. तुझ्या दोन प्रकारच्या पट्ट्या मी दोन सारख्या पत्र्याच्या डब्यांत ठेवल्या होत्या. राहिलेली चुंबकं लावून त्या डब्यांसाठी दोन झोकदार पट्ट्या केल्या. एकीवर ‘मंडळाच्या’, एकीवर ‘घरच्या’. खटकन बसल्या. मला इतका आनंद झाला की मी दोन दिवस त्या काढत आणि लावत होते.

मग दोन आठवड्यांपूर्वी फळी पुसली. पुसताना पट्ट्या काढून ठेवल्या. पुसून झाल्यावर लावल्या. आता कुठली कुठे लावली ते देव जाणे, कारण मी तर जाणत नव्हते.

दादाकडे ‘मंडळाच्या’ लिहिलेला डबा पोचवला, त्याला नऊ दिवस झाले. आज तुझ्या घरच्या पट्ट्यांच्या कडा घासाव्या म्हणून ‘घरच्या’ डबा उघडला, तर वरच पहिलं जड पायदळ. म्हणजे नऊ दिवस दादाकडे बूट हरवलेले आणि आईला सांगणारे आहेत, आणि त्यांच्यात ती कोरी पट्टी, जी तुला त्याला दाखवायची नव्हती.

तशीच चपला घालून गेले. वहिनीला सगळं सांगितलं. तिला निम्मं आधीच माहीत होतं, आणि उरलेल्या निम्म्याचा तिने अंदाज बांधलेला होता. तिचं म्हणणं, बाप आणि लेक दोघेही चुंबकाचेच आहेत, तिने एकटीने किती वर्षं पत्रा व्हायचं. दादा वरच्या खोलीत दार लावून बसतो म्हणाली. डबा आला त्या दिवशी जेवायला उशिरा खाली आला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला जुन्या कुंचल्यांचा खोका कुठे आहे ते विचारलं. बाकी तोंडात मिठाची गुळणी.

मी वर जाऊन दार वाजवलं. तो बाहेर आला, दार मागे ओढून घेतलं. रागावलाय का आनंदात आहे ते मला त्याच्या चेहऱ्यावरून आजवर कळलेलं नाही, लहान होतो तेव्हाही कळायचं नाही. त्याने माझ्या कानाशी येऊन सांगितलं की पट्ट्या महिनाअखेरीपर्यंत होतील, आणि विचारलं की माझ्याकडे अजून एखादी न कोरलेली पट्टी आहे का. एक मोकळी होतीच ना डब्यात, मग दुसरी कशाला? मी विचारलं नाही. पर्समध्ये होती ती दिली आणि खाली आले.

मी तुझं वचन मोडलं नाही, बाळा, माझ्या हातून निसटलं. रागावायचं असेल तर पत्राने रागाव, फोनवर मला कळायचं नाही.

तुझी,
आत्या


२४ नोव्हेंबर

चि. खिळ्यास,
आशीर्वाद.

छोटीने पट्ट्यांचा चुकीचा डबा दिला. चुकीचा आहे हे मला उघडताक्षणी कळलं, पण मी परत केला नाही. आधी तेवढं सांगून टाकतो.

जानेवारीत मला वाईट वाटलं. मोठ्या माणसाने अशा गोष्टीचं वाईट वाटून घ्यावं का, हे मी परतीच्या गाडीत तीन तास स्वतःला विचारत होतो. तू लहान होतास तोवर तुझं बोलणं कुठेतरी लिहून ठेवायचं मला सुचलं ते एवढंच. वही केली नाही, फोटो फारसे काढले नाहीत. त्या चोवीस कडाच होत्या. त्या काळ्या दिसल्या, आणि मला बोलता आलं नाही. तेव्हाच बोललो असतो तर तूही तेव्हाच काहीतरी बोलला असतास. ते राहिलं. मग छोटीने सरळ नावं आणून दाखवली, आणि मी ठरवून टाकलं की विषय संपला. कळायला मला उशीर झाला. आपल्या एका पलटणीचं नावच ते आहे.

डबा उघडला तेव्हा वरच ‘हळू चालणारे पण पोचणारे’ होती. मी ती हातात घेऊन बराच वेळ बसलो. तुला इतकी आठवतात हे मला माहीत नव्हतं.

पट्ट्यांना पत्रा लावून झाला आहे. सगळ्या नमुन्याच्या बैठकीवर तपासल्या, चोवीसच्या चोवीस बसतात. छोटीकडून दुसरा डबाही मागवला आणि त्याही पट्ट्या केल्या. आणखी एक सुचवतो. बैठकीला मागे कड आहे तशी पुढेही आहे. मंडळाला नावं वाचायची असतात ती समोरून. तेव्हा पुढच्या कडेतही चुंबकं बसव आणि तिथे सरळ नावं लाव, दर महिन्याला खुशाल बदल. मागची कड फक्त मागे उभं राहणाऱ्याला दिसते. तिथे आपण दोघंच असतो. चुंबकं बसवताना कोणतं तोंड वर आहे ते पाहायची आता गरज नाही, पण पाहिलंस तर मला बरं वाटेल.

तुझ्या तेवीसमध्ये एक चुकलं आहे. तू ‘एकटेच शूर’ लिहून दिलंस. ते ‘एकटेच घरी’ होतं. एकदा आम्हा दोघांनाही कामावरून यायला उशीर झाला आणि तू कुलूप लावलेल्या घरात दोन तास बसून होतास. आम्ही आलो तेव्हा तू रडला नाहीस, नुसती ती बैठक माझ्यापुढे ठेवलीस आणि नाव सांगितलंस. डब्यातल्या कोऱ्या पट्टीवर छोटीने ते नाव कोरून दिलं आहे. शूर म्हणून कोरलेलीही ठेव, तीही खोटी नव्हे.

आता चोविसावी, डावखुऱ्याची. तू विसरलास असं म्हणता येणार नाही, कारण ते नाव नव्हतंच. सकाळची वेळ होती. तू दप्तर पाठीला लावून दारात उभा, बाहेर शाळेची बस भोंगा देत होती. मी ओल्या कुंचल्याने विचारलं की हिचं नाव काय. तू पळता पळता सांगितलंस की हिचं नाव उद्या ठेवू. तू गेलास. माझ्या कुंचल्यात रंग होता. मी तेच लिहिलं. ‘हिचं नाव उद्या ठेवू’. अक्षरं बारीक करावी लागली, तरी कडेवर मावेना. दुपारी येऊन वाचलंस आणि हसून हसून जमिनीवर लोळलास. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं तर म्हणालास की अजून उद्या झालेलं नाही. पुढे मी वर्षभर अधूनमधून विचारत असे आणि तू तेच उत्तर देत असस. मग तू विचारू नका म्हणायच्या वयाचा झालास, आणि मी विचारलं नाही.

ही एक पट्टी छोटीकडून कोरून घेतलेली नाही. तिच्याकडून मोकळी आणली आणि कुंचल्याने लिहिली. हात आता थोडा हलतो. चार वेळा पुसून लिहावी लागली, थिनर किती झटपट काम करतो तेही पाहिलं. ती डब्यात घातलेली नाही, खिशात घालून आणतो.

चिटणिसाला माझं नाव दे. एकोणीस डिसेंबरला दुपारच्या गाडीने येतो. तू कामावर असशील तर किल्ली शेजारी ठेव.

तुझा,
बाबा

ता. क. पाठ बरी आहे. कधी दुखली नव्हती.